फुंकरबाईचा हात

बायकांच्या वॉर्डात तिला सगळ्याजणी फुंकरबाई म्हणत. इंजेक्शन दिलं की त्या जागेवर कापसाचा बोळा ठेवायचा, अंगठ्यानं गोल गोल चोळायचं आणि वरून हलकीशी फुंकर घालायची, ही तिची रीत. फुंकर घालू नकोस, तोंडातले जंतू जातात, असं मोठ्या सिस्टरनी तिला नवी असतानाच झापलं होतं. तेव्हा फुंकर बंद झाली. चोळणं चालू राहिलं आणि नाव कायमचं चिकटलं. पेशंट बायका एकमेकींना सांगायच्या, बाकीच्या टोचून निघून जातात, ही टोचल्यावर थांबते. आजारी माणसाला एवढंसं थांबणं फार मोठं वाटतं, पण वरच्या मजल्यावर बसणाऱ्या साहेबांना ते दिसायचं काही कारण नाही.

एका सकाळी बाथरूमच्या दारात एक दांडगी पेशंट घसरली. फुंकरबाईनं तिला पडू दिलं नाही, अंगावर घेतली. पेशंटला खरचटलंसुद्धा नाही. फुंकरबाईच्या मणक्यातली चकती सरकली. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं, यापुढे वजन उचलायचं नाही आणि वाकायचं नाही. आता वाकायचं नाही आणि उचलायचंही नाही, तर वॉर्डातल्या नर्सनं करायचं काय? हॉस्पिटलनं तिला इंजेक्शनच्या खोलीत स्टुलावर बसवलं, तेही वर्ष संपेपर्यंत. नंतर तिला नोकरीत ठेवायचं की नाही हे ठरवायला मेडिकल बोर्ड बसणार होतं, आणि बोर्ड काय म्हणणार हे लिफ्टवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

बसून करायची कामं काय कमी आहेत, असं सांगणारे शहाणे तिला वाटेवाटेवर भेटले. काउंटरवर बस, फोन घे, चष्म्याच्या दुकानात उभी राहा. त्यांचं काय जातंय! तिला नर्सच राहायचं होतं. ज्या वयात मिसरूड फुटणारे मुलगे गल्लीत क्रिकेट खेळतात, त्या वयात हिनं युनिफॉर्म चढवला होता आणि तेव्हापासून ती कोणाची ना कोणाची सिस्टर होती. नवरा कामासाठी म्हणून परगावी गेला आणि तिकडचाच झाला, तिकडे दुसरं घर मांडलं, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशीही ती ड्युटीवर गेली होती. वॉर्डात ती सोडलेली बायको नव्हती, सिस्टर होती. ते एक नाव काढून घेतलं तर आपलं खाली काय उरतं, हे बघायची तिची छाती नव्हती.

घरात दोघीच. ती आणि सासूबाई. मुलानं आईला तिकडे बोलावलं होतं, पण सासूबाई गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत हे त्यांनी सांगितलं नाही आणि सुनेनं विचारलं नाही. विचारणार कशी? सासूबाईंच्या दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या होत्या, सुरीनं चिरल्यासारख्या. चहा करताना, कपडे वाळत घालताना, खिडकीतून रस्त्याकडे बघताना त्या आठ्या तिथेच. हिला नवरा धरून ठेवता आला नाही, म्हणून या आठ्या, असं सुनेनं मनाशी पक्कं केलं होतं. त्यामुळे घरात बोलणं बेताचं. भाजी संपलीय, गॅसवाला येऊन गेला, दार लावून घे.

कॉस्मेटिक नर्सच्या कोर्सचं तिच्या डोक्यात घातलं ते एक्स-रेवाल्या मैत्रिणीनं. "अगं, खुर्चीतलं काम आहे. पेशंट स्वतःच्या पायानं येतो आणि स्वतःच्या पायानं जातो. तुला उचलायचं काय, तर आरसा." फुंकरबाईनं आधी ते हसण्यावारी नेलं. आयुष्यभर जखमा धुतल्या आणि आता धडधाकट बायकांच्या सुरकुत्या घालवायच्या? पण बोर्डाची तारीख जवळ यायला लागली तसं हसू आटलं. एका स्किन क्लिनिकनं तिला शब्दही दिला. सर्टिफिकेट घेऊन या आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागा. बुडत्याच्या हाताला दोरी लागावी तशी तिनं ती गोष्ट धरली.

कोर्स वाटतो तेवढा नटवा नव्हता. रजिस्टर्ड नर्सच हवी, वॉर्डाचा अनुभव हवा, आणि सध्या नोकरीत असलेलीच हवी, अशी अट. ही शेवटची अट तिनं नीट वाचली होती आणि बोर्डाच्या तारखेशी ताडून पाहिली होती. आधी चेहऱ्याचं शास्त्र. कातडीखाली कुठला स्नायू कुठून निघतो, कुठली रक्तवाहिनी कुठे वर येते, सुई कुठे न्यायची आणि त्याहून महत्त्वाचं, कुठे न्यायची नाही. मग रबरी चेहऱ्यावर हात बसवायचा. मग शिकवणाऱ्या मॅडमच्या शेजारी बसून नुसतं बघायचं. शेवटी प्रॅक्टिकल. त्यासाठी मॉडेल ज्याचं त्यानं आणायचं. डॉक्टर मॉडेलला तपासून औषध लिहून देणार, मॅडमसमोर इंजेक्शन द्यायचं, आणि पंधरवड्यानं त्याच मॉडेलला परत दाखवायचं. या औषधाचा परिणाम सावकाश दिसतो, म्हणून निकालही तेव्हाच.

वर्गात बाकी सगळ्या पोरी होत्या. चपळ, हसऱ्या, हिला ताई ताई करणाऱ्या. मॅडम मात्र कमी बोलणाऱ्या. त्याही कधीकाळी वॉर्डातच होत्या, असं म्हणत. त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ झालं होतं. "दाबायचं. चोळायचं नाही." औषध स्नायूत गेलं की तो स्नायू झोपतो आणि आठी पडायची थांबते. पण चोळलं तर औषध पसरतं, पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत उतरतं, आणि मग तोही झोपतो. "आणि पेशंट अर्धा डोळा मिटलेला घेऊन तुमच्या दारात उभा राहतो," मॅडम म्हणायच्या. फुंकरबाईची यात कधी चूक झाली नाही. रबराला दुखत नाही, त्यामुळे तिचा अंगठा कधी पुढे झालाच नाही.

अडलं ते मॉडेलपाशी. एक्स-रेवाली म्हणाली, माझ्या भाचीचं लग्न आहे, त्यात काही झालं तर? शेजारीण म्हणाली, ह्यांना विचारून सांगते, आणि त्यानंतर जिन्यात भेटेनाशी झाली. मावसबहिणीनं फोनच उचलला नाही. कोणाकडे चार दिवस राहायला मागा, मिळेल, चेहरा मागून बघा. प्रॅक्टिकल तोंडावर आलं आणि फुंकरबाई स्वयंपाकघरात फोन हातात घेऊन नुसती बसून राहिली.

"एवढं तोंड पाडून बसायला काय झालं?" सासूबाई दारात उभ्या होत्या. "माझं तोंड चालत नाही का?"

"तुमचं?"

"का, माझ्या कातडीत सुई शिरत नाही? फोनवर सांगत होतीस ना सगळ्यांना, दोन भुवयांच्या मधली आठी पाहिजे म्हणून. घरात एवढी मोठी आठी असताना गावभर काय फिरतेस?"

फुंकरबाईनं फोन खाली ठेवला. "दुखेल थोडं," ती म्हणाली.

"दुखू दे. या आठ्या घेऊन मला कुठे मिरवायचंय?"

प्रॅक्टिकलच्या दिवशी सासूबाई ठेवणीतली साडी नेसून वर्गातल्या उंच खुर्चीत बसल्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. डॉक्टरांनी तपासलं, प्रश्न विचारले, औषध लिहून दिलं आणि गेले. मॅडम पुढे आल्या. "आजी, आता जरा रागवा बघू. रागावलं की स्नायू वर येतो. मग तिथे खूण करायची."

"रागवू? कोणावर?"

"कोणावरही. ही समोरच उभी आहे, सुनेवर रागवा."

पोरी खुदकन हसल्या. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. फुंकरबाई हातात खुणेची पेन्सिल धरून उभी होती. या नजरेची तिला वर्षानुवर्षं सवय होती. पण सासूबाईंचं कपाळ हलेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ओठ आवळले, मान ताठ केली. कपाळ आपलं ढिम्म.

"नाही जमत बाई," त्या म्हणाल्या.

"असं कसं आजी? सुनेवर रागावता येत नाही?"

"हिच्यावर नाही येत. थांबा, मुलावर रागावते."

आणि त्या दोन आठ्या अशा उभ्या राहिल्या की हसणाऱ्या पोरी गप्प झाल्या.

फुंकरबाईनं खुणा केल्या. कशा केल्या तिचं तिला माहीत. ज्या आठ्यांखाली ती इतकी वर्षं चोरासारखी वावरली, त्या तिच्यासाठी नव्हत्याच. चहाच्या वेळी नव्हत्या, खिडकीपाशी नव्हत्या, कधीच नव्हत्या. तिचा हात मात्र वॉर्डानं घडवलेला होता. सुई हवी तिथे, हवी तेवढी जात होती आणि मॅडमनी एकदा मान डोलावलेलीही तिनं पाहिली. मग पलीकडच्या खुर्चीवर कुणी काही विचारलं म्हणून मॅडम वळल्या. शेवटचं टोचणं राहिलं होतं, उजव्या भुवईच्या वरचं. सुई बाहेर आली तशा सासूबाई हलकेच कण्हल्या आणि म्हणाल्या, "झालं का गं, बाळा?"

बाळा असं त्या तिला कधी म्हणाल्या नव्हत्या. फुंकरबाईच्या हातात कापूस होता. तो तिनं त्या जागी ठेवला, अंगठा गोल गोल फिरला, आणि कित्येक वर्षांत न घातलेली फुंकरही तिनं घातली.

मग तिला कळलं. तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा तिनं हात उचलला. पोरी आपापल्या खुर्चीत गुंतलेल्या, मॅडमची पाठ. कोणी पाहिलं नव्हतं. तोंड उघडायचं ते तेव्हा. तिनं ते उघडलं नाही. चोळलं म्हणजे दर वेळी पापणी पडतेच असं नाही, हे वर्गात ऐकलेलं एक वाक्य तिनं घट्ट धरलं आणि त्याच्याच आधारानं ती घरी आली.

पुढचे दिवस तिचा जीव टांगणीला लागलेला. सकाळी उठली की आधी सासूबाईंच्या उशाशी. आठ्या हळूहळू विरत चालल्या होत्या. कपाळ असं सपाट झालं की सासूबाई आरशासमोर उभ्या राहून स्वतःलाच म्हणाल्या, "ही कोण गं?" शेजारणीला आता जिन्यात थांबायला वेळ मिळू लागला. "आजी, दहा वर्षांनी लहान झालात की," असं म्हणत ती फुंकरबाईकडे वळून हळूच विचारी, "मला पण करशील ना?" सासूबाई तर लहान मुलीसारख्या खूश. दोघी एकत्र बसून जेवायला लागल्या. एवढ्या वर्षांत न बोललेलं बोलणं निघायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यानं बोलावलं तेव्हा मी त्याला सांगितलं, मुलगी टाकून मी येणार नाही." कुठली मुलगी, हे विचारायची गरज नव्हती. फुंकरबाई उठून नळाखाली ताट धुवायला गेली आणि बराच वेळ ते एकच ताट धूत राहिली.

परत दाखवायला जायच्या आदल्या सकाळी सासूबाई चहा घेताना म्हणाल्या, "उजव्या डोळ्यात काही गेलंय का बघ गं. जड जड लागतोय."

बघायला वाकायचीही गरज नव्हती. उजवी पापणी अर्ध्यावर आली होती. अर्धवट ओढलेल्या पडद्यासारखी. फुंकरबाईनं स्टूल ओढलं, बसली आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं. अंगठा, कापूस, फुंकर, आणि गप्प राहणं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "कायमचं आहे का हे?"

"नाही. काही आठवड्यांनी सुटतं. तोवर थेंब घातले की पापणी थोडी उघडते."

"मग एवढं कशाला रडतेस?"

"मॅडम उद्या बघणार. नापास करतील. पुढची बॅच वर्ष उलटल्यावर, आणि तेव्हा मी नोकरीतच नसेन. नोकरीत नसलेलीला घेत नाहीत." ती हुंदके देऊन बोलत होती. "सगळं संपलं, आई. माझ्याच हातानं घालवलं."

आई हा शब्दही त्या घरात नवा होता. सासूबाई उठल्या, सिंकपाशी गेल्या, परत आल्या. "मी सांगते ना त्यांना. मीच चोळलं म्हणून. म्हातारं माणूस, खाज आली, चोळलं. मला काय फाशी देणार आहेत?"

यावर फुंकरबाईनं नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "बरं." इथे कोणी नाक मुरडू नये. पायाखालची जमीन सरकायला लागली की माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि समोर सासूचा पदर असेल तर पदर धरतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कपाळ पाहिलंच नाही. त्यांनी आधी पापणी पाहिली. "हे कधीपासून?"

"कालपासून," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाठ करून आणलं होतं आणि पाठ केलेल्या माणसासारख्याच त्या सुटल्या. "माझीच चूक आहे. सुनेनं सतरा वेळा बजावलं होतं, हात लावू नका, हात लावू नका. पण त्याच दिवशी, रिक्षात, मला अशी खाज आली की बास. चोळलं मी. चांगलं चोळलं. हिचा काही दोष नाही. हिनं फार सुरेख दिलं इंजेक्शन."

"कसं चोळलंत?" मॅडमनी शांतपणे विचारलं. "मला दाखवता?"

"दाखवते की. जरा कापूस द्या."

फुंकरबाईनं डोळे मिटले. सासूबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी ते फार प्रामाणिकपणे केलं. जसं त्यांना जाणवलं होतं तस्संच. ट्रेमधला बोळा उचलला, भुवईच्या वर ठेवला, अंगठा त्यावर टेकवला आणि गोल गोल फिरवला. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. शेवटी त्यांनी ओठांचा चंबू केला आणि खालून वर, स्वतःच्याच कपाळाकडे, हलकीशी फुंकर घातली.

एक पोरगी फिसकन हसली. मॅडम हसल्या नाहीत.

"आजी, खाज आली तर माणूस बोटांनी खाजवतो," त्या म्हणाल्या. "कापूस घेऊन अंगठ्यानं चोळते ती वॉर्डातली नर्स. मीही चोळायची. हा अंगठा आवरायला मला फार दिवस लागले." आणि त्यांनी फुंकरबाईकडे पाहिलं.

"मी चोळलं, मॅडम," फुंकरबाई म्हणाली. "त्यांना कण्हताना ऐकलं आणि हात गेला."

"मला त्याच वेळी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पास केलं असतंत?"

मॅडमनी थोडा विचार केला. "नाही. पण तुला आणखी एक संधी द्या म्हणून आज डॉक्टरांशी भांडले असते. चुकणारा हात मी सुधारू शकते. लपवणाऱ्या हाताखाली कोणाचा चेहरा कसा देऊ?"

"पुढच्या बॅचपर्यंत मी नर्स नसेन, मॅडम."

मॅडमनी डॉक्टरांकडून डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली आणून दिली, कसे घालायचे ते सांगितलं, आणि सांगता सांगता मध्येच थांबल्या. हे सगळं हिला येतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

घरी आल्यावर सासूबाई खुर्चीत बसल्या आणि स्वतःला बोल लावू लागल्या. "कापूस कशाला मागितला मी? बोटांनी दाखवलं असतं तर काय झिजले असते माझे हात? आणि ती फुंकर! अक्कल कुठे गहाण पडली होती माझी?" त्यांना स्वतःचा राग आला होता, मॅडमचा आला होता, परगावच्या मुलाचा तर पिढीजात असल्यासारखा कायमच होता. पण कपाळावर त्यातलं काही उमटेना. कपाळ गुळगुळीत, एक डोळा अर्धा मिटलेला. इतक्या रागावूनही त्या नुसत्या झोपेतून उठल्यासारख्या दिसत होत्या. हे बघून फुंकरबाईला जे रडू फुटलं ते बोर्डासाठी नव्हतं आणि सर्टिफिकेटसाठीही नव्हतं. आठ्या तिनं काढल्या होत्या. त्या मुलावरच्या होत्या, सुनेच्या बाजूनं उभ्या होत्या, आणि हे कळलं त्याच घटकेला तिनं त्या पुसून टाकल्या होत्या.

"रडणं पुरे. थेंब घाल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मान मागे टाकली.

युनिफॉर्म दाराच्या मागे इस्त्री करून टांगलेला होता. उद्याच्या ड्युटीचा. अशा किती ड्युट्या राहिल्या, हे तिनं मनात येऊ दिलं नाही. तिनं हात धुतले, बाटली उघडली, पापणी उचलून थेंब घातला. हात नेहमीसारखा स्थिर होता. थेंब डोळ्यातून ओघळून गालावर आला. तिनं कापूस घेतला, पुढे केला आणि हात मध्येच थांबला. पुढे जाईना.

"पूस की गं. कानात जातंय."

"भीती वाटते, आई."

"कसली? आता काय बिघडायचं राहिलंय?" सासूबाईंनी चाचपडत तिचं मनगट धरलं आणि तो हात आपल्या गालावर ओढून घेतला. "पूस. माझाच चेहरा आहे."

तिनं पुसलं, चार बोटांनी. अंगठा तिनं तळव्यात दुमडून घट्ट धरला होता.